फोनवर मी कोण

माझा स्वभाव मुळात काळजीचा. घराबाहेर पडल्यावर गॅस बंद केला का ते बघायला मी अर्ध्या वाटेवरून परत येते, आणि खाली उतरल्यावर कुलूप लावलं का ते बघायला पुन्हा वर जाते. नवरा पुण्याचा, बेंगळुरूत मारतहळ्ळीजवळ एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. तो म्हणतो, "तू एखादा दिवस काळजी केली नाहीस की मलाच टेन्शन येतं." माझ्या कामात ही खोड उपयोगाची आहे, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. पण जिथं खरोखर सावध राहायला हवं होतं तिथं मी गाफील राहिले, आणि त्याबद्दल लिहायला मला बरेच दिवस लागले.

मी निपाणीजवळच्या एका खेड्यातली. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि शाळेत दोन्ही भाषांच्या शुद्धलेखनाबद्दल मार. शिक्षण संपवून बेंगळुरूला आले ती एचआयव्हीच्या रुग्णांशी बोलण्याच्या कामावर. पदाचं नाव समुपदेशक, पण दवाखान्यात सगळे मला अक्काच म्हणतात. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर दर महिन्याला गोळ्या मिळण्याचं केंद्र आहे आणि वरच्या मजल्यावर संशोधनाची खोली. मी दहाएक वर्षं या दोन मजल्यांमध्ये वर-खाली करत आहे.

मग आमची संस्था आणि परदेशातलं एक विद्यापीठ यांच्यात प्रशिक्षणाची भागीदारी झाली. इथल्या मोजक्या लोकांना संशोधन शिकवायचं, तिथल्या एका प्राध्यापकाच्या हाताखाली वर्षभर स्वतःचा छोटा प्रकल्प करायचा, आणि शेवटी दोन्हीकडच्या मंडळींसमोर तो मांडायचा. डॉक्टरांच्या रांगेत मी एकटीच समुपदेशक निवडली गेले. माझा विषय साधा होता: गोळ्या चालू असलेल्या बायका तपासणीची तारीख का चुकवतात. दर बुधवारी संध्याकाळी पडद्यावर तास असायचा. आमची संध्याकाळ म्हणजे तिकडची सकाळ, त्यामुळे माझ्या मार्गदर्शक बाई कॉफीचा मग हातात घेऊन ताज्यातवान्या बसलेल्या आणि मी दिवसभराच्या कामानं पार पिळून निघालेली.

निवड झाल्याचं गावात कळलं. आमचे बाबा तिथल्या शाळेत मास्तर होते, ते आता नाहीत, पण शाळेनं मला बोलावून शाल-श्रीफळ दिलं. तेवढ्यावर भागलं नाही. एस.टी. स्टँडसमोर फ्लेक्स लागला. वर माझा फोटो, खाली शुभेच्छुकांचे माझ्याहून मोठे फोटो, आणि मध्ये लाल अक्षरांत 'एड्सवर संशोधन करणाऱ्या गावच्या कन्येचे हार्दिक अभिनंदन'. आईनं त्याचा फोटो काढून भेटेल त्याला दाखवला, न भेटेल त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. मी वरवर "काय हे" म्हटलं. मला तो फार आवडला होता, खोटं कशाला बोलू?

प्रकल्पासाठी लागणारे फॉर्म तिकडून तयार होऊन आले. अतिशय नीटनेटके. तारीख चुकवलेल्या बाईला फोन करताना काय बोलायचं हेही त्यात लिहिलेलं: स्वतःचं नाव सांगा, आरोग्याच्या अभ्यासाकडून बोलत आहे असं सांगा, ती स्वतःच बोलते आहे याची खात्री करा. वाचून मला हसू आलं होतं. आमच्या बायकांचा फोन त्यांचा एकटीचा कुठं असतो? तो घराचा असतो. सासू उचलते, दीर उचलतो, शेजारीण उचलते. 'आरोग्याचा अभ्यास' म्हटलं की पुढचा प्रश्न येणारच, कसला अभ्यास?

म्हणून माझी स्वतःची एक वही होती. तिच्यात नावं नव्हती, फक्त प्रत्येकीचा अभ्यासातला नंबर आणि त्यापुढे एक रकाना: 'फोनवर मी कोण?' संमतीपत्रावर सही झाली की मी वही उघडून विचारायची, "फोन केला आणि दुसऱ्या कुणी उचलला, तर मी कोण म्हणून सांगू?" बायका मनापासून विचार करायच्या. एकीसाठी मी शिवणक्लासची बाई होते, एकीसाठी बालवाडीची टीचर, एकीसाठी भजनी मंडळाची सेक्रेटरी. भजनी मंडळवालीच्या सासऱ्यांनी मला एकदा फोनवर तालासुराबद्दल दहा मिनिटं ऐकवलं होतं. मी या वहीवर खूश होते. पण बुधवारच्या तासाला तिचा उल्लेख मी कधी केला नाही. तिकडे सगळं कसं खरं आणि लेखी चालायचं, आणि आपली वही म्हणजे खोटेपणाची यादी आहे असं बाईंना वाटेल, अशी मला धास्ती होती. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

त्या वहीतल्या एकीबद्दल हे आहे. पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत एका खोलीत राहणारी, तिथल्याच एका कारखान्यात पॅकिंगला जाणारी. वय पंचविशीच्या आसपास, लहान मुलगी एक. ती आमच्याच सीमेकडची निघाली. पहिल्या दिवशी माझं मराठी ऐकून तिचा चेहरा इतका सैल झाला की मलाच भरून आलं. या शहरात दुखणं सांगायचं ते दुसऱ्याच्या भाषेत, याची तिला सवय झाली होती. नंतर दर वेळी दार लावून घेतलं की आम्ही मराठीत बोलायचो.

तिला आणि नवऱ्याला दोघांनाही संसर्ग होता, दोघंही गोळ्या घेत होते, मुलीला संसर्ग झालेला नव्हता. सासू मात्र नात सांभाळायला कागलकडून येऊन राहिलेली, आणि तिला यातलं काही माहीत नव्हतं.

"सासूला कळलं तर मला ठेवायची न्हाई, अक्का," ती म्हणाली होती. "थोरल्या जावेला मूल होईना म्हणून माहेरी धाडली तिनं. माझी पोरगी ठिवून घेईल आणि मला घालवंल. नवरा तिच्यापुढं तोंड उघडत न्हाई."

"कधीच सांगणार नाहीस?"

"सांगीन. पोरगी शाळंत जाऊ दे. मग मीच सांगीन, माझ्या तोंडानं."

मी रकान्याचा प्रश्न विचारला. तिनं डोकं लढवून उत्तर दिलं, "तुम्ही कारखान्यातली अक्का. आणि कन्नडच बोला हं. सासूला कन्नड येत न्हाई. स्वल्प, सरी एवढंच. कन्नड ऐकलं की घाबरती आणि फोन माझ्या हातात देती." 'थोडं' आणि 'बरं', एवढ्या दोन कन्नड शब्दांवर म्हातारीचं चाललेलं; आम्ही दोघी हसलो. मी लाल पेन्सिलीनं लिहिलं: कारखान्यातली अक्का, फक्त कन्नड. 'फक्त'खाली रेघही मारली.

युक्ती कित्येक महिने बिनबोभाट चालली. मी फोन करायची, "अक्का इद्दारा?" म्हणजे अक्का आहेत का, असं सुनेबद्दल विचारायची, पलीकडून म्हातारीचा "हां हां, स्वल्प थांब" असा घाबरा आवाज यायचा आणि लगेच सून फोनवर.

मग एका शनिवारी ती तपासणीला आली नाही. तिनं आजवर एकही तारीख चुकवली नव्हती. सोमवारी दुपारी, तिची शिफ्ट सुटल्यावर, मी फोन केला. सासूनं उचलला. मी नेहमीप्रमाणे कन्नडमध्ये विचारलं. आज मात्र "थांब" आलं नाही. पलीकडे म्हातारी रडवेली झाली होती आणि मला कळणार नाही अशा समजुतीनं स्वतःशीच मराठीत बोलत होती.

"आता हिला कसं सांगू गं बया! सून चक्कर येऊन पडली, दवाखान्यात न्हेलीया, पार शुद्ध हरपली हुती..."

"काय झालं? कधी पडली? कुठल्या दवाखान्यात नेलंय?" मी म्हटलं. मराठीत.

बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. पण फोनमधून शब्द परत कसे घेणार?  आणि मग त्या म्हाताऱ्या आवाजात जो आनंद उमटला, तो मला आजही ऐकू येतो.

"अगं, मराठी हाईस व्हय तू! आणि इतकं दीस कन्नडच बोलतीस! कुठली गं?"

इथं तरी मी सावरायला हवं होतं. फोन ठेवायला हवा होता, खोटं गाव सांगायला हवं होतं. खोटं बोलण्याची तर माझी वहीभर तयारी होती. पण आपल्याकडच्या वडीलधाऱ्या बाईनं "कुठली तू" म्हणून विचारलं की उत्तर डोक्यातून येत नाही, ते लहानपणापासून तोंडावर तयार असतं. मी गाव सांगितलं. तिनं पुढचा प्रश्न विचारला, "कुणाची?" मी म्हटलं, "शाळेच्या मास्तरांची."

"शाळंमागं घर त्येंचं? अगं, माझी धाकटी भण दिलीया की तुझ्या गावात!"

त्यानंतर तिनं सांगितलं की सून काही फार आजारी नाही, शनिवारपासून अशक्तपणा होता, आज उपाशीपोटी कामावर निघाली आणि वाटेत पडली, सलाईन लावलंय, संध्याकाळी घरी आणतील. मी "सरी, सरी" म्हणत फोन ठेवला.  सून बरी आहे याचं हायसं वाटणं आणि आपण काय करून बसलो याची भीती, दोन्ही एकदमच आलं.

कारण पुढचं मला लख्ख दिसत होतं. म्हातारी बहिणीला फोन करणार. मास्तरांची लेक इथं कारखान्यात आहे, आपल्या सुनेबरोबर. आणि बहीण म्हणणार, कारखान्यात? तिचा तर स्टँडवर फ्लेक्स लागला होता.

तेव्हा करण्यासारखं बरंच होतं. आईला फोन करून म्हणता आलं असतं की कुणी विचारलं तर मी कारखान्यात आहे असं सांग. पण आई "का" म्हणून विचारणार, आणि आईला गुपित सांगणं म्हणजे गावात दवंडी पिटणं. आमच्या वरिष्ठांना सांगता आलं असतं. असं काही घडलं तर त्याच दिवशी कळवायचं, हे प्रशिक्षणात पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, आणि त्या चाचणीत मला पैकीच्या पैकी गुण होते. पण वर्षअखेरची मांडणी दोन आठवड्यांवर आलेली. सांगितलं तर वही बाहेर येणार, वही बाहेर आली की माझं संशोधन संशयात. एकुलती एक समुपदेशक निवडली, तिनं हे केलं. मला माझी अब्रू दिसत होती. त्या पोरीची अब्रू मला दुसऱ्या क्रमांकावर दिसत होती, हे लिहिताना आज लाज वाटते.

तिला स्वतःला सावध करायचं, तर फोन कोण उचलेल कुणास ठाऊक. मंगळवारी दोनदा नंबर लावला आणि पहिल्या रिंगला कापला. फोनवर आता मी कोण होते? कारखान्यातली अक्का म्हणावं तर म्हातारी गावच्या गप्पा काढणार. बुधवारचा तास मी ताप आल्याचं सांगून बुडवला. नवऱ्याला सांगितलं, नाव-गाव वगळून. तो लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "अगं, ओव्हरथिंक करतेयस. म्हातारी दोन दिवसांत विसरून जाईल." मला ते खरं वाटावं अशी फार इच्छा होती. मी भाजीत मीठ दोनदा घातलं.

गुरुवारी सकाळी आईचा फोन आला. आवाज खुशीत.

"अगं, तुझी चौकशी आलती. खालच्या गल्लीतल्या बाईंची बहीण तिकडं बेंगळुरात असती म्हणं. ती सांगत होती, मास्तरांची पोरगी कारखान्यात कामाला हाय. मला इतका राग आला! म्हटलं, कारखान्यात कशाला, माझी लेक एड्सवर संशोधन करती, परदेशातली माणसं शिकवायला असत्यात तिला. दवाखान्याचं नाव सांगितलं. फ्लेक्सचा फोटोपण दिला पाठवून."

"फोटो कधी पाठवलास?" मी विचारलं. आई म्हणाली, "का गं? बरं केलं न्हवं?"

"बरं केलंस," मी म्हटलं. तिची काय चूक होती? ती लेकीचा मान राखत होती.

त्या दिवशी मी वरिष्ठ डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि संध्याकाळी त्यांच्या खोलीत बसून मार्गदर्शक बाईंना. बाईंनी वही पडद्यासमोर धरायला सांगितली. मी रकान्यांवर बोट ठेवत एकेक वाचून दाखवलं, शिवणक्लास, बालवाडी, भजनी मंडळ. त्यांनी कॉफीचा मग बाजूला ठेवला.

"हे तू आम्हाला का सांगितलं नाहीस?"

"तुमच्या फॉर्ममध्ये तो रकाना नव्हता."

हे उद्धट वाटेल ते बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. पण बाई रागावल्या नाहीत. त्या बराच वेळ काहीतरी लिहीत राहिल्या. मग म्हणाल्या, "रकाना असायला हवा होता. पण तू सांगितलं असतंस तर मी आणखी एक प्रश्न विचारला असता. ज्या घरात तू फोन करतेस त्या घराला तुझ्यापर्यंत पोचता येईल का?" तो प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. शहरात मी अनोळखी आहे, असं मी गृहीत धरलं होतं. आपल्या माणसांत कुणी अनोळखी राहत नाही हे मला कुणी परदेशातून येऊन शिकवायला नको होतं.

मांडणी पुढे ढकलली. संशोधनाच्या नैतिकतेवर लक्ष ठेवणाऱ्या समितीला लेखी कळवायचं ठरलं. पण त्याआधी त्या मुलीला कळलं पाहिजे, असं डॉक्टर आणि बाई दोघांचंही म्हणणं पडलं. कसं कळवायचं हे मात्र कुणालाच सांगता येईना. घरी जाणं म्हणजे होतं नव्हतं तेवढं झाकणही काढणं. सोमवारी तिचा गोळ्या घेण्याचा दिवस होता. तोवर वाट बघायची.

ते तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. तिला घालवून दिलं असेल का? पोरगी कुणाकडे असेल? मला जेवण जाईना. रविवारी स्वयंपाकघरात उभी राहून मी मनाशी घोकत होते, की तिला बाहेर काढलंच असेल तर कुठल्या संस्थेत ठेवायचं, पोरीचा ताबा कसा मागायचा. नवऱ्यानं विचारलं, "कुणाशी बोलतेयस?"

सोमवारी मी सकाळीच तळमजल्यावर जाऊन बाकावर बसले. रांग लागली, सरकली, संपली. ती आली नाही. जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी दारातून एक नऊवारीतली म्हातारी आत आली. एका हातात फोन, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. तिनं फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा फोनकडे.

"फ्लेक्सवर बरी दिसत हुतीस," ती म्हणाली. "वाळलीस."

मी उभी राहिले. आवाजावरून ओळखायला एक शब्द पुरला होता. पण मला तिला ओळख दाखवायची मुभा नव्हती. ओळख दाखवली असती तर तिच्या शंकेवर माझ्या हातानं शिक्का बसला असता.

"मावशी, बसा," मी म्हटलं. "पण आधीच सांगते. इथं कोण येतं, कोण नाही, हे मी कुणालाच सांगत नाही. सख्ख्या आईलाही नाही."

"नगं सांगू." ती बाकावर टेकली. पिशवीतून तिनं एक प्लास्टिकची बाटली काढली, आतल्या गोळ्या वाजल्या. "रव्याच्या डब्यात घावली. त्यावरचं विंग्रजी मला वाचाय येत न्हाई. म्हणून मेडिकलवाल्याला दावली. त्यो नुसता बघतच ऱ्हायला माझ्याकडं."

 सून कुठं आहे, हा एकच प्रश्न मला विचारायचा होता आणि तोच विचारता येत नव्हता. म्हातारीच बोलली.

"ती हाय घरात. चार दीस कामावर न्हाई गेली. जेवत न्हाई, पोरगीला छातीशी धरून बसलीया, जनू मी हिसकावूनच घेणार हाय. पोरगा पायरीवर बसतो बाहेर." तिनं पदरानं नाक पुसलं. "तू कायबी सांगू नगंस. मी इचारती ते कुणाचं बी असू दे. एका ताटात जेवलं तर चालतंय?"

"चालतं."

"नातीला जवळ घिऊन निजली तर?"

"चालतं, मावशी. कुणीही असो. अगदी चालतं."

"आणि हे आलं कुणाकडनं? बाईकडनं का बाप्याकडनं?"

मला तिचा राग आला आणि कीवही आली. "ते विचारून कुणी बरं होत नाही," मी म्हटलं. "आणि हेही कुणाबद्दलच सांगते. ज्याच्या गोळ्या चालू आहेत त्याची एकही गोळी चुकता कामा नये. ज्याचा आज दिवस होता त्यानं उद्या तरी यावं."

तिनं बाटली पुन्हा पिशवीत ठेवली, गाठ मारली आणि उठली. दारापर्यंत जाऊन वळली. "तुझ्या आईला सांग, माझ्या भणीनं फोटो बघितला, लेक गुणाची हाय म्हणून." मला वाटलं, जमीन दुभंगून आत घेईल तर बरं.

दुसऱ्या दिवशी ती आली. मुलीला कडेवर घेऊन, नवरा बाहेर रिक्षापाशी थांबलेला. तिला उभी बघून माझे डोळे भरून आले. घरातून काढलं नव्हतं, लेक तिच्याजवळ होती, ज्या भीतीनं मी आठवडाभर पोखरून निघाले होते ती खरी ठरली नव्हती. मी तिला वर संशोधनाच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि मराठीत सगळं सांगायला सुरुवात केली. फोनवर काय झालं, चूक माझी कशी, त्याच दिवशी कळवायला हवं होतं ते मी कसं टाळलं. माफी मागितली.

तिनं ऐकून घेतलं. आणि मग ती बोलली ती कन्नडमध्ये. त्या खोलीत ती माझ्याशी कन्नड पहिल्यांदाच बोलत होती.

घालवून दिलं नाही, ती म्हणाली. एका ताटात जेवतो. सासू रोज रात्री स्वतःच्या हातानं पाणी आणून देते गोळीसाठी. पूर्वी भांडी नीट घासली नाहीत म्हणून ओरडायची, दूध उतू गेलं की ओरडायची. आता ओरडत नाही. काहीही केलं तरी हळू आवाजात बोलते. त्या आवाजाची भीती वाटते.

"पण ती चांगली निघाली," मी म्हटलं. कशाला म्हटलं कोण जाणे.

"ती चांगली निघाली, ते माझं नशीब," ती म्हणाली. "मी सांगणार होते, अक्का. माझ्या तोंडानं. कसं सांगायचं ते मी रोज मनात जुळवत होते. ते तुम्ही घेतलंत माझ्याकडून."

अभ्यासातून नाव काढायचं आहे, ती म्हणाली. मी फॉर्म काढला. कारण लिहायची सक्ती नसते, तो रकाना तिनं रिकामा ठेवला आणि सही केली. मुलगी टेबलावरची लाल पेन्सिल मागत होती. मी तिला दिली.

उठताना मी नियमाप्रमाणे समजावलं की अभ्यास सोडला तरी गोळ्या बंद होत नाहीत, तारीख चुकली तर खालच्या केंद्रातून फोन येईल. आणि सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "फोनवर कोण म्हणून सांगायचं?"

तिनं मुलीच्या हातातून पेन्सिल सोडवून टेबलावर ठेवली.

"यारू बेडा," ती म्हणाली. कोणी नको.

मांडणी नंतर झाली, वहीसकट. फॉर्ममध्ये आता तो रकाना छापून येतो, बाईंचा प्रश्नही येतो, आणि नव्या प्रशिक्षणार्थींना ते मी शिकवते. सगळ्यांना वही बघायची असते. तिच्या नंबरापुढे 'कारखान्यातली अक्का, फक्त कन्नड' यावर मी काट मारली आहे आणि बाजूला तिनं सांगितलेलं 'यारू बेडा' लिहिलं आहे. ती दर महिन्याला गोळ्यांना येते. जिन्यात मी समोर आले की मान हलवते, आणि मी वाट देते.